जुन्नरची कुट्टी आणि वडिलांचे रविवार

नारायणगाव मागे पडले आणि एसटीच्या पुढच्या काचेतून शिवनेरी किल्ला दिसला, तेव्हा मी उगाचच सावरून बसले. वडील गेल्यावर आम्ही जुन्नरची भाड्याची खोली सोडली, त्याला आता बरीच वर्षे झाली. मी सोलापूरला शाळेत शिकवले, तिथेच निवृत्त झाले. जुन्नरला परत यायला काही कारणच उरले नव्हते.

ते कारण काढले शेळके सरांनी. गावातल्या काही निवृत्त शिक्षकांनी आणि दुकानदारांनी मिळून एक इतिहास मंडळ सुरू केले आहे आणि सर त्याचे चिटणीस. किल्ल्यावर आणि लेण्यांवर पुष्कळ लिहून झाले, आता गावाने काय बनवले ते लिहू, असे त्यांनी ठरवले. पहिला विषय घेतला तो इस्माईलशेठच्या कुट्टीच्या कारखान्याचा. कुट्टी म्हणजे जनावरांचा चारा बारीक कापायचे यंत्र. एका हाताने चाक फिरवायचे, दुसऱ्या हाताने कडबा तोंडात सारायचा. माझे वडील दत्तोबा त्या कारखान्यात फिटर होते.

"कामगारांच्या मुलांच्या आठवणी हव्यात," सर फोनवर म्हणाले होते.

"माझी आठवण छापण्यासारखी नाही," मी सांगितले. "मी आठवीत होते तेव्हा वर्षभर वडील एकाही रविवारी घरी नव्हते. कारखान्याचं काम आहे, एवढंच म्हणायचे. आई म्हणायची, मालकाची हांजी हांजी चाललीय. मीही तेच धरून बसले."

"मग तेच सांगा. पण इथं येऊन सांगा."

स्टँडवर सर छत्री घेऊन उभे होते, ऊन फार होते म्हणून. आम्ही बाजारपेठेच्या गल्लीत शिरलो. जिथे भात्याचा आवाज ऐकत मी शाळेत जायची, तिथे आता मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. दुकानाच्या पायरीवर इस्माईलशेठचे थोरले चिरंजीव रफिकभाई आमची वाट पाहत बसले होते. दाढी पांढरी झालेली, पण मान तिरकी करून बघायची सवय तीच.

"दत्तूभाऊंची कुसुम ना?" ते म्हणाले. "या ताई. हितंच सुरुवात झाली. अब्बा हितं विळे-कोयते शेवटायचे." शेवटायचे म्हणजे झिजलेल्या पात्याला नवे पोलाद जोडून धार द्यायचे, हे त्यांनी सरांना समजावून सांगितले. मग कुणा शेतकऱ्याने परगावची मोडकी कुट्टी दुरुस्तीला आणली. ती उघडून पाहता पाहता शेठना वाटले, ही तर आपणही करू. पहिल्या यंत्राला उसाच्या जुन्या चरकाचे चाक बसवले. ते बेल्ह्याच्या बैलबाजारात नेले आणि तिथल्या तिथे विकले गेले. पुढे गावाबाहेर शेड झाली, ओतकाम आले, मोटार आली. आता रफिकभाईंचा मुलगा कारखाना बघतो.

दुपारी त्यांच्या घरी जेवलो. माझ्यासाठी मुद्दाम शेजारच्या घरून मासवडी आणली होती. (नावात मासा असला तरी ही बेसनाची वडी, आत तीळ-खोबऱ्याचे सारण आणि सोबत झणझणीत रस्सा.) पहिल्याच घासाला ठसका लागला. सोलापुरात राहूनही तिखटाची सवय गेली की काय, म्हणून मलाच लाज वाटली.

सरांनी वही उघडली. "तुमच्या कुट्टीचं तोंड लांब असतं आणि वर पत्र्याचं झाकण असतं. म्हणून ती खपली असं सगळे सांगतात. ही कल्पना कुणाची?"

रफिकभाईंनी पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला. "ते बघू नंतर," म्हणाले. "उद्या बेल्ह्याला जायचंय ना? लवकर निघू."

बेल्ह्याचा आठवडे बाजार सकाळीच भरून गेला होता. टेम्पोतून बैल उतरत होते, शिंगे रंगवलेली, अंगावर हळदीचे पट्टे. व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव करत होते. शेणाचा, ओल्या गवताचा आणि तळणाऱ्या भज्यांचा मिळून एक वास येत होता, तो मात्र मी ओळखला. वडिलांच्या कपड्यांना कधीकधी यायचा.

पहिली कुट्टी जिथे विकली ती जागा सरांना पाहायची होती. तिथे एक बाई दावी आणि कासरे मांडून बसली होती. माझ्याच वयाची असेल. रफिकभाईंना पाहून तिने पदर सारखा केला.

"लई दिसांनी, रफिकभाऊ."

"व्हय, हिराबाई." त्यांनी मान खाली घातली.

तिने आम्हाला बसायला पोते सरकवले तेव्हा तिचा डावा हात दिसला. तीन बोटे नव्हती. सर काही विचारणार तोच तीच म्हणाली, "कुट्टीत गेली. आठवीत व्हते मी. तवा तोंड आखूड व्हतं, झाकण न्हवतं. कडबा सारता सारता हात आत वढला."

"कुणाची कुट्टी?" सरांनी विचारले.

उत्तर रफिकभाईंनी दिले. "आमची."

मी कोण हे त्यांनीच हिराबाईंना सांगितले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "दत्तू फिटरची पोर तू? तुजा बाप दवाखान्यात आल्ता. उशाला बसून रडला आन् निस्ता उठून गेला. म्होरल्या आयतवारी आला, आमच्या कुट्टीला लांब तोंड लावून दिलं. आमी म्हनलं, आता कशाला? तर म्हनला, घरात आजून पोरं हायती."

मी एक दावे उचलून हातात धरले, ते कितीचे हेही विचारले नाही.

परतताना गाडीत रफिकभाई सलग बोलले. अपघातानंतर वडिलांनी मालकाला सांगितले, विकलेल्या प्रत्येक कुट्टीला झाकण बसेपर्यंत नवी बाहेर जाऊ द्यायची नाही. शेठ घाबरले. गावोगाव जाऊन झाकण लावायचे म्हणजे चूक चारचौघांत कबूल करायची. दोघांचे कडाक्याचे भांडण झाले. शेवटी शेठ म्हणाले, पत्रा माझा, पण कामाचा दिवस देणार नाही आणि बोभाटा करायचा नाही. "तुमच्या वडिलांनी रविवार दिले," रफिकभाई म्हणाले. "अब्बांना पुढं लई वाईट वाटलं, पण बोलले न्हाईत. सर, हे पुस्तकात नका घालू. पोरगा आता कारखाना चालवतोय. लोक काय म्हनतील?"

सरांनी वही मिटली. मी खिडकीबाहेर कांद्याची शेते बघत होते. मला रफिकभाईंचा रागही येत होता आणि त्यांनी हे सांगितले याचे बरेही वाटत होते.

तिसऱ्या दिवशी तळेघर. भीमाशंकरच्या वाटेवरच्या एका वाडीत जुनी कुट्टी अजून चालू आहे, असे सरांच्या कानावर आले होते. रफिकभाई येणार नाहीत असे मला वाटले होते, पण ते गाडी घेऊन हजर होते. घोडेगावच्या पुढे डिंभ्याच्या धरणाचे पाणी दिसू लागले आणि गाडीने मान टाकली. अर्धा तास बॉनेट उघडून तिघेही नुसते आत बघत राहिलो. मग आली ती एसटी पकडली. तळेघरला उतरून डोंगराच्या अंगाने चालायला लागलो. माझ्या चपलेचा अंगठा तुटला, तो रफिकभाईंनी तारेने बांधून दिला. लोहाराचा हात, अंगठा शेवटपर्यंत टिकला.

वाडीत धोंडूबाबा म्हणून एक म्हातारे भेटले. पडवीत कुट्टी उभी होती. चाकाचा रंग उडालेला, पण तोंड लांब आणि वर ठोकून बसवलेले झाकण. बाबांच्या सुनेने नाचणीची भाकरी आणि ठेचा दिला. खाता खाता मी विचारले, हे झाकण कुणी बसवले?

"जुन्नरचा फिटर. तळेघरपस्तोर गाडीनं आला आन् थितून चालत, खांद्यावं पत्रा घेऊन. दोन आयतवार आला. पयल्यांदा माप घेतलं, दुसऱ्यांदा बसावलं. म्हनला, ही शेवटची. आता ऱ्हायली न्हाई कुटं." बाबा थांबले. "आमी म्हनलं, पावणं, आज वस्तीला ऱ्हावा. न्हाई म्हनला. घरी पोरगी रुसलीया."

"मग तिला सांगत का नव्हते, कुठं जातात ते?" माझा आवाज बदललेला मलाच कळला.

"त्येच इचारलं म्या. तर म्हनला, सांगाया गेलो तर त्या पोरीच्या हाताचं सांगावं लागंल. माजी बी तेवढीच हाय. ऐकून भेल."

मी भाकरी हातात धरून बसले. सून पाणी घेऊन आली. मीच ती मुलगी, हे सरांनी हळूच सांगितल्यावर तिने काही न विचारता माझ्या पाठीवर हात ठेवला.

रफिकभाई कुट्टीपाशी उभे होते. झाकणाच्या कडेवरून हात फिरवत म्हणाले, "लिहा, सर. हिराबाईंचं नाव त्यांना विचारून लिहा. पन आमचं लपवू नका. पोराला मी सांगतो."

दुसऱ्या दिवशी सोलापूरला पोचले आणि आधी धाकट्या भावाला फोन लावला. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "आई हे न कळताच गेली."

ते खरे आहे. आमच्या घरात वडील रविवारी उशिरा आले की आई ताट वाढायची, मी पुस्तकात डोके घालायची, आणि कुणी काही विचारायचे नाही. एकदा जरी चिडून विचारले असते, तरी कदाचित ते बोलले असते. सरांना आठवण लिहून द्यायची आहे. तिच्यात मी वडिलांच्या कामाबद्दल लिहीनच, पण सुरुवात माझ्या रुसव्यापासून करीन. त्या वर्षी डोंगर चढताना त्यांच्या खांद्यावर पत्र्याबरोबर तोही होता.