मी निवडलेला धातू

तांबं की निकेल, एवढाच प्रश्न होता, आणि तो मला विचारला म्हणून मी महिनाभर छाती फुगवून फिरलो. नेकनूरकडच्या आमच्या सहकारी तेल गिरणीत सरकीच्या तेलापासून वनस्पती तूप करायचं ठरलं होतं. तेलात हायड्रोजन सोडायचा. पण धातूची बारीक भुकटी सोबत नसेल, तर तेल घट्ट व्हायचं नावच घेत नाही. ती भुकटी कोणत्या धातूची, हे गिरणीचा केमिस्ट म्हणून मी ठरवायचं. माझा ओढा तांब्याकडे होता, पण त्याचा अंश मागे राहिला की तूप लवकर खवट व्हायचं. निकेल झटपट काम करायचं, गाळून पुन्हा वापरता यायचं. मी निकेल लिहिलं. संचालकांनी अहवाल न उघडताच मान डोलावली.

त्या साली दुष्काळ होता, शिवारात ऊसच नव्हता. एरवी नवऱ्याबरोबर तोडीला जाणारी एक बाई गिरणीत तुपातलं निकेल गाळायची कापडं धुवायला लागली. पोरगी सातवीत आहे, आता गाव सोडून तिची शाळा मोडायची नाही, हा तिचा एकच हट्ट. दुपारी ती मला आग्रहानं अर्धी भाकरी द्यायची. एके दिवशी भाकरी जाड आणि कडेला फाटलेली निघाली. सुगरणीचा हात बिघडला वाटतं, मी चेष्टा केली. पोरीनं थापली, म्हणाली, आणि हात पदराआड घेतले. मी हसत भाकरी खाल्ली.

आठवड्यानं कापडं देताना तिचे हात दिसले. सुजलेले, भेगाळलेले, बोटांच्या बेचक्यांतून पाणी सुटलेलं. निकेल कातडीला बाधतं हे मला ठाऊक होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. माझ्या अहवालात वेग होता, किंमत होती, तुपाची चव होती. हातमोजे हा शब्द नव्हता. मला स्वतःची शिसारी आली आणि मी तिच्यावरच डाफरलो, आधी सांगितलं का नाही म्हणून.

"तूप चांगलं निगतंय न्हवं, सायेब," ती म्हणाली.

मी तिला झाडलोटीवर घातलं. थोड्याच दिवसांत सरकी संपली, गिरणी बंद पडली. तिचे हात काही पुरते बरे झाले नाहीत.

पुढच्या साली पाऊस झाला, ऊस उभा राहिला आणि तोडीची टोळी जमवायला मुकादम गावात आला. तोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. त्यानं तिचे तळवे पाहिले आणि नको म्हणाला. जोडी पुरी करायला बापाबरोबर पोरगी निघाली.

निघायच्या दिवशी मी सकाळीच ट्रकपाशी गेलो. पोरीला पोचवायला आलेली आई म्हणाली, "सायेब, पोरीसाठी हातमोजं बगा की. पाचटानं हात लई कापत्यात."

ट्रक संध्याकाळी सुटणार होता. मी तडक बीड गाठलं, बाजार पालथा घातला. इतक्या लहान हाताचे हातमोजे एकाही दुकानात नव्हते.