गालाजवळ थांबलेला हात

खिडकीतून झुळूक आली आणि पत्नीचा हात गालाजवळ जाऊन थांबला. गालाला लागण्याचे धैर्य त्याला झाले नाही. समोर मी दंतवैद्याला पाठवायच्या नोटिशीचा मसुदा लिहीत होतो. त्याने तिच्या तीन निरोगी दाढा काढल्या होत्या, तरी कळा थांबल्या नाहीत. काल स्कॅन पाहून मेंदूचे डॉक्टर म्हणाले, "आजोबा, दाढांचा दोष नव्हताच. मेंदूत पाणी साठलंय, त्याच्या दाबानं चेहऱ्याची नस दुखतेय. ऑपरेशन लवकर करावं लागेल."

'अक्षम्य निष्काळजीपणा' असे लिहून मी पुराव्यासाठी दाढा उपटण्याचे संमतिपत्र बाहेर काढले. त्यावर सही तिची नव्हती. रिवाजाप्रमाणे पतीची, माझी होती. तेव्हा ती म्हणाली होती, "अहो, दात नाही दुखत. नुसता पदर लागला तरी गालात वीज जाते." मी दरडावले होते, "तुला जास्त कळतं की डॉक्टरांना?"

वेदनेला साक्षीदार एकच असतो. जन्मभर पत्रे लिहून मी साऱ्यांना जाब विचारला. तिची साक्ष मात्र कधी नोंदवलीच नाही.

"झालं का लिहून?" तिने ओठ जेमतेम हलवत विचारले.

"नाही," मी म्हणालो आणि उठून खिडकी लावली.