बरं म्हणणारा दत्ताराम

माझा धाकटा दीर दत्ताराम. त्याच्याकडे बघून कुणाला काही वाटत नसे. रेशनच्या ओळीत तो शेवटी उभा असला, तरी नवीन आलेला माणूस त्याच्या पुढच्याला विचारायचा, "शेवटचे तुम्हीच ना?" हे मी त्याला नावं ठेवायला सांगत नाही. पुढे ह्याच गुणावर त्याला नोकरी लागली.

मी लग्न होऊन घाटकोपरच्या चाळीत आले तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता. तोंडावर मी भावजीच म्हणायचे, पण वाढला माझ्या हाताखाली, म्हणून इथे 'तो' लिहिते. मोठा झाल्यावर परळच्या एका गिरणीत बदलीवर लागला. बदली म्हणजे रोज सकाळी फाटकाशी जाऊन उभं राहायचं आणि कुणी खाडा केला तर त्याच्या जागेवर आत जायचं. आमच्या भावजींना आत घ्यायचं जॉबरच्या, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाच्या, लक्षातच राहत नसे. बहुतेक दिवशी डबा नेला तसा परत यायचा.

आमचे हे सुतारकाम करायचे. पार्ल्याचे नंदकिशोर विजयकर म्हणून एक शेठ होते, त्यांच्या दुकानांची फळ्या-कपाटं ह्यांनीच केलेली. शेठची चार दुकानं, अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि आमचं घाटकोपर, चारही स्टेशनाबाहेर. तिथे सँडविच मिळायचं. पावाला लोणी, हिरवी चटणी, काकडी, उकडलेला बटाटा, वर दुसरा पाव. माझ्या जिभेवर तो शब्द बसत नसे, मी पावाची घडी म्हणायचे. ऑफिसातून परतणारी माणसं उभ्याउभ्या घडी खाऊन घरी जायची आणि घरी भूक नाही म्हणून बायकोचं बोलणं खायची.

शेठना स्वतःला मात्र ते खाता येत नव्हतं. पित्ताचा जबर त्रास. सगळ्या मुंबईला चटणी खाऊ घालणारा माणूस घरी दूधभात खायचा. दुकानात जाऊन उभे राहिले की सगळे नोकर नीट वागायचे, पाठ फिरली की काय चालतं ते कळायला मार्ग नाही. एक दिवस ह्यांना म्हणाले, "मला एक माणूस बघ. गिऱ्हाईक म्हणून जाईल, खाईल आणि मला येऊन सांगेल. चेहरा कुणाच्या लक्षात राहता कामा नये."

हे म्हणाले, "घरातच आहे."

असा दत्ताराम कामाला लागला. काम ऐकून मी पोट धरून हसले. खायचं आणि वर पगार घ्यायचा. ह्यांनी तीन टोप्या आणून दिल्या, एक काळी, एक पांढरी, एक कान झाकणारी लोकरीची. आज अंधेरीला काळी घालून गेला तर पुढच्या खेपेला पांढरी. लोकरीची घालून एकदा वैशाखात मुलुंडला गेला, तरी कुणी वळून बघितलं नाही. दोन गोष्टींची मात्र शपथ होती. आपण कोण ते कुणाला सांगायचं नाही आणि दुकानातल्या कुणाशी ओळख वाढवायची नाही.

रविवारी तो पार्ल्याला जाऊन शेठना सांगायचा. शेठना लांबण लागलेली खपत नसे. पोटात आग असलेल्या माणसाला धीर कुठला. ते विचारणार, "बोरिवली?" हा सांगणार, "लोणी मधेच लावतो, कोपरे कोरडे." "मुलुंड?" "सुरी पुसत नाही, काकडीला कांद्याचा वास." "घाटकोपर?" "पाव कालचा." शेठ मग त्या त्या माणसाला झाडायचे आणि तो माणूस सुधारायचा.

"अंधेरी?"

"बरं होतं."

आता इथे थांबून एक सांगायला हवं. आम्ही मालवणच्या बाजूची माणसं. आमच्याकडे जेवण 'बरां झालां' म्हणजे झालं, त्याच्या वर शब्द नाही. माझ्या सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिलं वर्षभर तोही दिला नव्हता. एकदा पापलेटाचं तिखलं खाऊन म्हणाल्या, "बरां आसा हां." मी मोरीत जाऊन रडले, इतका आनंद झाला. दत्ताराम त्याच आईचा मुलगा. शेठशी बोलताना त्याने 'बरां'चं शहरातलं 'बरं' केलं, एवढंच. पार्ल्याच्या माणसाला 'बरं' म्हणजे काय वाटतं, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हालाही ठाऊक नव्हतं.

अंधेरीच्या दुकानात सँडविच करणारा माणूस होता दशरथ. लोणी अगदी कोपऱ्यापर्यंत न्यायचा, काकडी अशी पातळ कापायचा की खालची चटणी दिसायची. दत्ताराम घरी येऊन हाताने करून दाखवायचा, सुरी कशी धरतो, पाव कसा दाबतो. मी म्हटलं, "भावजी, एवढं तर नवऱ्या मुलीचं वर्णन करत नाहीत कुणी."

एकदा चटणी जिभेला झोंबली आणि ह्याच्या तोंडून गावची शिवी गेली. दशरथने मान वर केली. "खंयचो रे तू?" झालं. गाव निघालं, देऊळ निघालं, दोघांच्या ओळखीची एक म्हातारी निघाली. दशरथने त्याला ओढून खारदांड्याला घरी नेलं. तिथे एका कोळ्याच्या घराच्या पडवीत हे बिऱ्हाड, दशरथ, त्याची आई रुक्मिणी आणि बहीण सुलक्षणा. सुलक्षणाने जेवायला वाढलं. दत्ताराम परत आला. मी विचारलं, "कसं होतं जेवण?" म्हणाला, "बरां होतां, वयनी." कान लाल झालेले. मी ह्यांना म्हटलं, सुपारी फोडायच्या तयारीला लागा.

सुपारी फुटली. लग्न मात्र थांबलं होतं ते खोलीवर. अंधेरीच्या दुकानामागे एक खोली होती. तिथला मुख्य माणूस कायम झाला की ती त्याला मिळणार असं शेठ म्हणाले होते. दशरथला ती मिळाली की पडवी सुटणार आणि बहिणीचं लग्न पडवीतून न होता घरातून होणार. रुक्मिणीबाईंनी खोलीत देव कुठे मांडायचे ते सुद्धा ठरवलं होतं. दत्तारामने आपण काय काम करतो ते त्यांना सांगितलं नाही. कुठेतरी फिरतीवर आहे, एवढंच. मी म्हटलं, "सांगून टाका की." तो म्हणाला, "शपथ घातलीय शेठनी. आणि मी तर त्याचं बरंच सांगतो ना."

दिवाळी झाली आणि शेठनी दशरथला काढलं.

त्या दिवशी आमचे हे अंधेरीच्या दुकानात एका फळीला रंधा मारत होते, म्हणून पुढचं मला शब्दाला शब्द ठाऊक आहे. दशरथ फडकं हातात धरून उभा. शेठ म्हणाले, "तुझं वाईट नाही. पण वर्षभर ऐकतोय, बरं, बरं, नुसतंच बरं. बाकीच्यांचा दोष कळला, ते सुधारले. तुझ्यात दोष नाही नि चवही नाही. लोक पैसे मोजून बरं खायला येत नाहीत माझ्याकडे."

दत्ताराम नेमका तेव्हा खायला आलेला. पांढरी टोपी घालून कोपऱ्यात उभा. ऐकलं आणि तसाच पुढे झाला.

"शेठ, मी बरं म्हणालो."

"तेच सांगतोय त्याला."

"बरं म्हणजे चांगलं, शेठ. आमच्यात त्याच्या वर नाही काही. चारी दुकानांत असं कुणी करत नाही."

शेठनी दशरथकडे पाहिलं, मग ह्याच्याकडे. "आमच्यात म्हणजे कुणात? तुम्ही एकमेकांना ओळखता?"

खोटं बोलायला डोकं लागतं, ते ह्याच्यापाशी नव्हतं. म्हणाला, "ह्याच्या बहिणीशी माझं लग्न ठरलंय."

शेठ हसले. पित्ताच्या माणसाचं हसू, एका बाजूने. "म्हणजे मेव्हणा. आणि तुम्हा लोकांत बरं म्हणजे चांगलं, हे मला आज कळतंय. वर्षभर नाही, आजच."

"विचारा ह्यालाच," दत्ताराम म्हणाला. "दशरथ, सांग ना त्यांना. बरां म्हणजे काय?"

दशरथने सांगितलं असतं तरी शेठनी मानलं नसतं. एका गावची दोन माणसं, एक दुसऱ्याला सांभाळणारच. पण दशरथने सांगितलंही नाही. तो दत्तारामच्या टोपीकडे बघत होता. काळी, पांढरी, लोकरीची, सगळ्या टोप्या त्याच्या एकदम ध्यानात आल्या असणार. हळू आवाजात म्हणाला, "आमच्या घराक येवन जेवलंस. तां आमचां म्हणान खाल्लंस, काय शेटचां म्हणान?"

फडकं घडी करून फळीवर ठेवलं आणि गेला. ह्यांनी रंधा उचललाच नाही पुन्हा त्या दिवशी. शेठ दत्तारामला म्हणाले, "तू राहा. खरं बोलतोस हे तरी कळलं. पुढे मात्र शब्द नीट वापर."

अंधेरीच्या जागी शेठच्या बायकोच्या माहेरचा कुणी चंद्रप्रकाश आला. खोलीत तो राहिला. बरं झालं रुक्मिणीबाईंना ते बघावं लागलं नाही. पडवीचं भाडं भरणं होईना, म्हणून ही मंडळी माहुलला एका नातलगाकडे गेली. तिथे तेव्हा तेलाच्या मोठाल्या टाक्या उभ्या राहत होत्या, आणि लोणी लावणारा दशरथ तिथे घमेली उचलायला लागला.

सुपारी मोडल्याचा निरोप आला नाही. आला असता तर बरं, म्हणजे शेठच्या अर्थाने बरं. मग मीच म्हटलं, "चला भावजी, मी येते. बाईमाणसाला दारातून हाकलत नाहीत."

हाकललं नाहीच. कोळ्यांच्या घरांमागे एक पत्र्याची खोली होती, वाळत घातलेल्या सुक्या मासळीच्या वासात आता तेलाचाही वास मिसळलेला. रुक्मिणीबाईंनी पाट मांडले. मी बोलायला तोंड उघडलं की त्या म्हणायच्या, "आधी जेवा." आमच्याकडे माणूस जेवल्याशिवाय भांडणसुद्धा करत नाहीत. सुलक्षणाने वाढलं. तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं. दशरथ दारात उंबऱ्यावर बसून राहिला, जेवला नाही. तळहात चुन्याने फुटलेले.

मी जेवता जेवता बोलले. शब्दाचा घोटाळा झाला, म्हटलं. त्याने तुमचं चांगलंच सांगितलं होतं. आपल्याच बोलीने आपला घात केला, त्यात ह्याचा काय दोष.

"तां माका कळलां," दशरथ म्हणाला. "मी त्याच दिवशी समजलंय." मग दत्तारामकडे बघून त्याने शहरातल्यासारखं स्वच्छ विचारलं, "काय, कसं झालंय जेवण?"

रुक्मिणीबाईंच्या हातात पाण्याचा तांब्या तसाच. तिखलं असं झालं होतं की माझ्या सासूबाईंनी पाट सोडला नसता. दत्तारामने घास गिळला. त्याच्या तोंडात तो एकच शब्द होता, आयुष्यभर तोच होता. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

तेव्हा सुलक्षणा बोलली. ठरल्यापासून त्याच्याशी सरळ बोललेली मी ऐकलेली ती पहिलीच वेळ. "काय सांगू नुको हां. माजी पण चाकरी जायत."

दशरथ हसला. रुक्मिणीबाईही हसल्या, पदर तोंडाला लावून. मलाही हसू आलं असतं, एरवी. दत्ताराम उठला, आपलं ताट आपण उचललं, बाहेर नेऊन घासलं, पालथं घातलं आणि रस्त्याला लागला. मी कशीबशी नमस्कार करून मागे धावले.

सुलक्षणाचं पुढच्या मे महिन्यात लग्न झालं. टाक्यांच्या कामावरचाच कुणी फिटर होता. चांगलं झालं म्हणतात तिचं. दत्तारामला आम्ही मग दोन-तीन मुली दाखवल्या. चहा-पोहे व्हायचे, मुलीचा बाप विचारायचा, "पोहे कसे झालेत?" आणि हा उठायचा. तिसऱ्या वेळेनंतर हे म्हणाले, पुरे.

नोकरी त्याने सोडली नाही. सोडून जाणार कुठे, जॉबरला अजूनही तो आठवत नव्हता. शेठनी सांगितल्याप्रमाणे शब्द मात्र नीट वापरू लागला. "बोरिवली?" "उत्तम." "मुलुंड?" "उत्तम." "अंधेरी?" "फारच उत्तम." शेठ खूश. पगारही वाढवला. चारही दुकानांत सगळं उत्तम होतं आणि कोपऱ्यांत लोणी नव्हतं. गिऱ्हाईक हळूहळू समोरच्या उडप्याकडे वळलं. शेठना ते का वळलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुकानं बंद झाली तेव्हा ह्यांनीच केलेल्या फळ्या ह्यांनीच उखडून आणल्या. एक आमच्या स्वयंपाकघरात बरीच वर्षं होती.

दत्ताराम आमच्याकडेच राहिला. माझ्या मुलांनी त्याला काका म्हणून जीव लावला, पण बाहेर कुणी विचारलं की काका दिसतात कसे, तर पोरं एकमेकांकडे बघायची. रोज त्याच फळीखाली बसून जेवायचा. जेवण कसं झालं ते त्याने कधी सांगितलं नाही, आणि माहुलहून आल्यावर मीही कधी विचारलं नाही. मीठ कमी असलं की आपण उठून घ्यायचा. ज्या दिवशी उठायचा नाही, त्या दिवशी मी समजून घ्यायचे.