तिसरी ‘ब’चं मूळ गाव

“तो फॉर्म आधी मला दाखवा,” प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं, फॉर्म नाहीये.

“वाटून संपले का?”

“नाही मॅडम. फॉर्म कधी नव्हताच.”

त्यांनी स्वतःचा फोन माझ्यासमोर सरकवला. तिसरी ‘ब’च्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा होता. मी वाचत खाली खाली गेले. शाळा मुलांकडून मूळ गावाची माहिती मागवतेय, इथून सुरुवात होती. मग कुणीतरी विचारलं होतं, कशासाठी. मग बोलण्यात फॉर्म आला. फॉर्म भरायची शेवटची तारीखही आली. एका आईला तो फॉर्म तिच्या नणंदेच्या शाळेतही आल्याचं माहीत होतं. एका वडिलांनी विचारलं होतं की सोबत काय काय जोडायचं, आणि दुसऱ्यांनी त्यांना यादीसुद्धा दिली होती. आधार, लाइट बिल, जन्मदाखला, आजोबांचा काही पुरावा असल्यास उत्तम.

मी मीरा रोडच्या एका इंग्लिश मीडियम शाळेत तिसरीला ईव्हीएस शिकवते. मराठीत त्याला परिसर अभ्यास म्हणतात. लहान मुलांना इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र वेगवेगळं झेपत नाही, म्हणून ते एकत्र करून देतात. हा विषय शिकवायची एक ठरलेली पद्धत आहे. जवळून लांब जायचं. आधी मूल, मग त्याचं घर, मग गल्ली, शहर, राज्य. मुलाला जे माहीत आहे तिथून निघालं की त्याला धडा शिकवतोय असं वाटत नाही. ट्रेनिंगमध्ये आम्हाला हे दरवर्षी सांगतात. जवळून निघाल्यावर काय काय होऊ शकतं ते मात्र सांगत नाहीत.

धडा स्थलांतराचा होता. स्थलांतर म्हणजे माणसं एक जागा सोडून दुसरीकडे राहायला जातात ते. आमच्याकडे हा धडा शिकवायला पुस्तकाची गरजच नाही असं मला वाटलं होतं. अख्खं मीरा-भाईंदर कुठून ना कुठून आलेलं आहे. तेव्हा मी मुलांना तीन प्रश्न तोंडी सांगितले. घरी विचारून या. तुमच्या घरचे आधी कुठे राहायचे, तिथून इकडे का आले आणि येताना सोबत काय आणलं. लिहायचंसुद्धा नव्हतं.

काही मुलांना घरी जाईपर्यंत धीर नव्हता. आर्यन म्हणाला, आम्ही त्याच बिल्डिंगमध्ये सेकंड फ्लोअरवरून सेव्हन्थवर आलो, कारण खाली डास फार. स्थलांतराचं कारण म्हणून हे उत्तर अगदी बरोबर होतं. झोया शेख म्हणाली, दादी शिलाई मशीन घेऊन आली होती, ट्रेनमध्ये मांडीवर ठेवून. मांडीवर कशी मावेल यावर वर्गात बराच वाद झाला. तास संपल्याची बेल मला कळलीच नाही. शिकवताना असं क्वचित होतं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हा फोन.

आमच्या प्रिन्सिपल डिमेलो मॅडम वसईच्या. आमच्या स्टाफरूममधलं सगळ्यात शुद्ध मराठी त्यांचं, आणि काळजीत असल्या की ते आणखी शुद्ध होतं. “हा उपक्रम आपण तूर्तास स्थगित करू या, जाधव टीचर,” त्या म्हणाल्या. ट्रस्टमधून त्यांना दोनदा फोन येऊन गेला होता. वातावरण बघा, असं तिथून सांगितलं होतं. कुठलं वातावरण, हे सांगितलं नव्हतं.

मी वर्गाकडे निघाले तर गेटपाशी झोयाचे वडील उभे होते. त्यांचं भाईंदरला केबिन रोडवर मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. एरवी ओपन हाउसलाही त्यांना यायला जमत नाही. आज दुकान बंद ठेवून आले होते. हातात प्लास्टिकची जाड फाइल.

“टीचर, सब है इसमें,” ते म्हणाले. “मेरा, वालिद का, दादा का भी. दादा का थोड़ा फटा हुआ है, लेकिन पढ़ने में आता है.”

मी सांगितलं की काहीच द्यायचं नाहीये. असा फॉर्म आम्ही काढलेला नाही.

त्यांनी मान हलवली. रागावले नव्हते. समजूत घालणाऱ्या आवाजात म्हणाले, “अभी नहीं है, तो बाद में आएगा ना. आप रख लीजिए. बाद में भागादौड़ी नहीं होगी.”

मला त्यांना त्या शिलाई मशीनबद्दल विचारायचं होतं. ती खरंच मांडीवर आणली का, ते वर्गाला सांगायचं होतं. पण त्या फाइलसमोर उभं राहून ते विचारायला माझं तोंड उघडेना. मी फाइल परत केली आणि पुन्हा पुन्हा सांगितलं की काळजीचं काही नाही. ते गेले. जाताना फाइल त्यांनी शर्टाच्या आत धरली होती. पाऊस वगैरे नव्हता.

आता सर्क्युलर काढायचं ठरलं. मूळ गावाबाबतचा फॉर्म मागे घेण्यात येत आहे. मी म्हटलं, जो नाही तो मागे कसा घेणार? सरळ लिहू, की असा कुठलाही फॉर्म नाही. मॅडम म्हणाल्या, तसं लिहिलं तर लोकांना वाटेल आपण लपवतोय. त्यांचं चुकत नव्हतं. अडचण पुढे आली. ऑफिसातला क्लार्क म्हणाला, शाळेच्या ॲपवर काही कॅन्सल करायचं तर आधीच्या सर्क्युलरचा नंबर टाकावा लागतो. नंबर टाकल्याशिवाय सिस्टिम पुढे जात नाही.

मग मी कंप्युटरपाशी बसले आणि तो फॉर्म तयार केला. विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता, मूळ गाव, येण्याचे कारण. फॉर्म चांगला झाला होता. त्याला नंबर पडला, तो सिस्टिममध्ये चढला, आणि चहा येईपर्यंत रद्दही झाला.

संध्याकाळी ग्रुपवर नवीन मेसेज सुरू झाले. आमच्या मुलाला हा फॉर्म मिळालाच नव्हता. काही ठरावीक मुलांनाच दिला होता का? निवड कशाच्या आधारावर केली?

शनिवारी पालकसभा बोलावली. तिसरीच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन सगळे बसले. डिमेलो मॅडमनी प्रास्ताविक केलं. त्यात फॉर्म हा शब्द एकदाही आला नाही. मग सावंत उभे राहिले. सावंत सिल्व्हर पार्कला राहतात, माझ्याच सोसायटीच्या मागच्या बिल्डिंगमध्ये. त्यांचा मुद्दा इतरांच्या उलटा होता. त्यांचं म्हणणं, टीचरनी काहीही चूक केलेली नाही. विचारायलाच हवं. कोण कुठून आलंय ते एकदा समोर येऊ दे. मागच्या बाकावर शेख फाइल मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्याकडे न बघता सावंत हे बोलले.

माझी बाजू घेणारे ते एकटेच होते, आणि त्यांनी ती घेऊ नये असं मला फार वाटत होतं. मी त्यांना विचारलं, तुमच्यापासूनच सुरुवात करू या का? ते म्हणाले, आमचा काय प्रश्न, आम्ही इथलेच. मी म्हटलं, इथले म्हणजे? तर म्हणाले, इथले म्हणजे आधी लालबाग. त्याच्या आधी? त्याच्या आधी सातारा. पण ते वेगळं, टीचर.

कुणीतरी हसलं. एका आईने मला विचारलं, “तुम्ही का नाही सांगत तुमचं? तुम्ही कुठल्या?”

हा प्रश्न मला नवीन नाही. माझं आडनाव जाधव. त्यावरून लोकांना हवं ते कळत नाही, म्हणून ते पुढचा प्रश्न विचारतात, गाव कुठलं. तो भूगोलाचा प्रश्न नसतो. माझे वडील आयुष्यभर त्याचं उत्तर परळ असं देत आले. मीही पुष्कळ वर्षं तेच दिलं. आणि तोच प्रश्न मी आठ वर्षांच्या मुलांना होमवर्क म्हणून दिला होता, कारण मला वाटलं होतं की यांच्यापर्यंत येईतो तो फक्त भूगोलाचा झाला असेल.

“परभणीकडचं गाव आहे,” मी म्हटलं. “म्हणजे गावात आमचं घर नव्हतं, गावाबाहेर होतं. माझे वडील म्हणायचे, बाहेरच राहायचं असेल तर मुंबईत राहू. म्हणून आले. येताना एक कंदील आणला. चाळीत लाइट होती, त्यामुळे तो कधी लागला नाही.”

इतक्या वर्षांत स्टाफरूममध्येही मी हे सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आता कुणीतरी आपलं सांगेल. शेखांनी एकदा वर बघितलंही. पण सावंत पुन्हा उठले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, “टीचर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण हे सगळं मुलांना कळायची काय गरज आहे?”

यावर सगळ्यांचं एकमत झालं. त्या सभेत एकमत झालेली ती पहिली गोष्ट होती.

उपक्रम मात्र पूर्ण दाखवायला हवा होता, कारण वर्षाच्या प्लॅनमध्ये तो लिहिलेला होता. एका आईने सुचवलं, सगळ्या मुलांनी एकच उत्तर लिहावं. मीरा रोड लिहा. त्यावर भाईंदरचे पालक नाराज झाले. मीरा-भाईंदर लिहा म्हटलं तर भाईंदरचं नाव मागे का, हे निघालं. शेवटी भारत ठरलं. त्यावर कुणाला काही बोलता येईना, आणि सगळे जेवायच्या वेळेत घरी गेले.

सोमवारी मी समजत होते की प्रकरण मिटलं. मधल्या सुट्टीत श्रावणी म्हात्रेची आई आली. ही माणसं भाईंदरलगतच्या राईची. खाडीच्या बाजूला त्यांचं जुनं घर आहे, आता चारी बाजूंनी टॉवर झालेत. ती सभेला आली नव्हती. ग्रुपवरही ती कधी काही लिहीत नाही. म्हणाली, पोरगी दोन दिवस धड जेवली नाही.

“सगल्या पोरांना गाव हाय, तिला एकटीला न्हाय, म्हनून रडते,” ती म्हणाली. “मे म्हैन्यात सगली गावाला जातात. ही कुटं जानार? आमी कुटून आलेलोच न्हाय, टीचर. आमचा आजा हितलाच, त्याचा बापूस बी हितलाच.” मग जरा थांबून म्हणाली, “तुमीच काय तरी सांगा तिला. एखादं गाव सांगा.”

सगळ्या आठवड्यात माझ्याकडे खऱ्या अडचणीसाठी आलेली ही पहिली पालक होती. मी म्हटलं, बघते.

दुसऱ्या दिवशी माझ्या तासाला मी श्रावणीला उभं केलं. वर्गाला सांगितलं, आपण सगळे दुसरीकडून इथे आलो. टीचरसुद्धा. फक्त श्रावणीच्या घरचे आधीपासून इथे होते. म्हणजे आपण सगळे कुणाकडे आलो? श्रावणीकडे. आपण तिचे पाहुणे.

मुलांना हे आवडलं. झोयाने तिला थँक यू म्हटलं. श्रावणीचा चेहरा उजळला. मलाही बरं वाटलं. एवढ्या गोंधळात निदान एक मूल सावरलं. श्रावणीने सगळ्या वर्गावरून नजर फिरवली आणि मला विचारलं, “मग हे जाणार कधी?”

ट्रेनिंगमध्ये याचं उत्तर नाही, आणि मोठ्या माणसांकडे जी उत्तरं आहेत ती वर्गात सांगण्यासारखी नाहीत. माझ्याआधी आर्यन उठला. त्याचा सूर अगदी व्यवहाराचा होता.

“हम नहीं जा सकते,” तो म्हणाला. “अभी तो फर्निचर किया है.”

श्रावणीने थोडा विचार केला आणि मान हलवली. फर्निचर तिला पटलं. मधल्या सुट्टीत ती डब्यातला बोंबील आर्यनला दाखवत होती, तो नाक दाबून बघत होता. तिच्या आईला मी निरोप पाठवला की पोरगी जेवली.

चार्ट मी मोठा केला. वर शीर्षक, ‘आम्ही कुठून आलो?’ खाली प्रत्येक मुलाचा फोटो आणि प्रत्येकाखाली भारत, भारत, भारत. पुढे इन्स्पेक्शनला आलेले साहेब त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. राष्ट्रीय एकात्मतेचा इतका सहज उपक्रम त्यांनी पाहिला नव्हता. पालकांचा सहभाग होता का, त्यांनी विचारलं. डिमेलो मॅडम म्हणाल्या, अत्यंत सक्रिय. शेरा चांगला पडला. त्या वर्षी तालुक्यातल्या टीचर्सना हा उपक्रम समजावून सांगायला मलाच बोलावलं, आणि मी समजावून सांगितला.

शेख त्यानंतर एकदा भेटले, माझा फोन दुरुस्तीला दिला तेव्हा. शिलाई मशीनबद्दल मी तेव्हा विचारलं. म्हणाले, मांडीवर नाही, पायाशी होती, आणि अम्मी रात्रभर तिच्यावर डोकं टेकून झोपली. फोनचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मग उठून त्यांनी काउंटरखालचा ड्रॉवर नीट बंद केला. फाइल तिथेच होती, मला तिची कड दिसली.

हल्ली मी स्थलांतर पक्ष्यांवरून शिकवते. आमच्या खाडीत फ्लेमिंगो येतात, मुलांनी ते बघितलेले असतात, म्हणजे जवळून लांब जाण्याची पद्धतही पाळली जाते. पक्ष्यांच्या पालकांचा ग्रुप नाही. धडा एका तासात होतो. मागच्या वर्षी एका मुलीने विचारलं, टीचर, मग फ्लेमिंगो मूळचे कुठले, इथले की तिथले?

मी सांगितलं, ते सिलॅबसमध्ये नाही.