आईची पट्टी

नाताळ जवळ आलं की आमच्या चर्चमधली तरुण मंडळी माझ्याकडं येतात. "बाई, तुमच्या काळात नाताळची गाणी कशी व्हायची ते सांगा." मग मी ढोलकीचं सांगते, आमच्या गाण्यातले मेंढपाळ कसे घोंगडी पांघरून यायचे ते सांगते. ती खूश होतात, चहा पितात आणि जातात. खरं काय ते मी कधीच सांगितलेलं नाही. आता लिहून टाकते. लिहिताना समोर कुणी कौतुकानं मान डोलवत नसतं, तेवढं बरं.

आमचं गाव भोकरदन तालुक्यात, हसनाबादच्या पुढं. ख्रिस्ती घरं थोडी, चर्च पत्र्याचं. आमचं घर आजोबांच्या वेळीच ख्रिस्ती झालं होतं, आणि छप्पन्न सालानंतर बाकीची भावकी बौद्ध झाली. त्यामुळं एकाच गल्लीत नाताळही व्हायचं आणि जयंतीही. माझे वडील पेटी वाजवायचे. ढोलकीला त्यांचे चुलतभाऊ, म्हणजे माझे काका. जयंतीला वडिलांची पेटी काकांच्या दारात जायची आणि नाताळला काकांची ढोलकी चर्चमध्ये यायची. ह्यात कुणी कुणावर उपकार करत नव्हतं.

वडील मिशनच्या शाळेत शिपाई. पेटी त्यांना कुणी शिकवली नाही. गावातल्या देवळात भजन चालायचं, तिथं आत कोण घेणार? ते लहानपणी देवळाच्या मागच्या भिंतीला टेकून ऐकायचे. पुढं बाजारात एक मोडकी पेटी मिळाली, ती स्वतःच दुरुस्त केली आणि भिंतीपलीकडून ऐकलेलं सगळं तिच्यावर शोधून काढलं. आमची नाताळची गाणी त्यांनी त्याच चालींत बसवली होती. अडवणाऱ्यांची चाल उचलून त्यांनी आमच्या देवाला वाहिली, असं मला आता वाटतं. तेव्हा मला त्या चाली गावंढळ वाटायच्या.

नाताळच्या सकाळी उपासनेचं पहिलं गाणं आईपासून सुरू व्हायचं. पहिली ओळ तिची एकटीची, मग सगळी मंडळी. सगळीकडं पेटीवाला पट्टी देतो आणि गाणारे तिथून सूर उचलतात. आमच्याकडं उलटं होतं. आई बायकांच्या बाजूला बसून नुसतं गुणगुणायची, वडील तिच्याकडं न बघता पेटीवर बोट फिरवायचे आणि तिची पट्टी सापडली की भाता उघडायचे. ती असायची काळी चार, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या सुराची. लग्नापासून तीच. ह्या दोघांचं प्रेम होतं की काय ते मला घरात कधी दिसलं नाही, घरात नुसती कटकट चालायची. पण वर्षातून एकदा, चर्चमध्ये, त्या दोन मिनिटांत दिसायचं.

बहात्तरचा दुष्काळ आला तेव्हा आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. दिवसभर धूळ, आणि प्यायला गढूळ पाणी. खोकला लागला तो लागलाच. दुष्काळ सरला, खोकला कमी झाला, पण तिचा वरचा आवाज गेला. पुढच्या नाताळात ती नेहमीसारखी गुणगुणली आणि वडिलांचं बोट काळी चारवरून मागं मागं येत काळी दोनवर थांबलं. वडिलांनी तिथंच भाता उघडला. गाणं खालच्या पट्टीत झालं, आणि खरं सांगायचं तर जास्त चांगलं झालं, कारण खडी सगळ्याच बायकांनी फोडली होती.

उपासना झाल्यावर काका म्हणाले, "वैनी, यंदा खालून आल्या?"

"वरचा आवाज खडीत पडला माझा," आई म्हणाली. "सापडला तर आनून द्या."

मी तेव्हा जालन्याला मिशनच्या बोर्डिंगात होते. तिथल्या बाईंनी मला ऑर्गन शिकवला, पायानं हवा भरायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचा. मला पाच गाणी येत होती. पुस्तकात जशी छापली होती तशी, त्याच पट्टीत, बोटांना पाठ. पट्टी बदलून वाजवणं मला येत नव्हतं. वडिलांना ते झोपेतही आलं असतं, पण त्यांना पुस्तक वाचता येत नव्हतं. म्हणून शिकलेली मी ठरले.

त्याच सुमारास मिशनच्या गोऱ्या बाई कायमच्या मायदेशी निघाल्या आणि त्यांचा ऑर्गन आमच्या चर्चला मिळाला. गोधड्यांत गुंडाळून बैलगाडीतून आला. त्याच वर्षी नवीन पाळकसाहेब आले होते. त्यांनी जाहीर केलं की यंदाचं नाताळ शिस्तीत होईल. जालन्याहून पाहुणे येणार आहेत, तेव्हा ऑर्गनवर पुस्तकातली गाणी. पेटी नको, ढोलकी तर नकोच, शिवाय ढोलकीवाला आपल्या मंडळीतला नाही. आईची पहिली ओळ मात्र त्यांनी ठेवली. खेड्यातली बाई गाते हे पाहुण्यांना दाखवायचं होतं.

काकांना नाही म्हणून सांगायला पाळकसाहेबांनी वडिलांनाच पाठवलं. मी सोबत होते.

"ढोलकीचा बाप्तिस्मा झाला न्हाई म्हनून का?" काका हसत म्हणाले.

वडील हसले नाहीत. काकांनी मग ढोलकी खुंटीला लावली आणि नाताळला ते चर्चमध्ये पुन्हा आले नाहीत. आम्हीही कुणी बोलवायला गेलो नाही.

पेटी गेल्याचं दुःख वडिलांनी दाखवलं नाही, कारण ऑर्गनवर त्यांची पोरगी बसणार होती. भोकरदनच्या बाजारात भेटेल त्याला सांगत सुटले, "माझी पोरगी वाजवनार हाय." रोज ऑर्गन पुसायचे. दोन दिवस आधी मी सराव करत होते तेव्हा बाजूला उभे राहून त्यांनी ऐकलं आणि अदबीनं, पाहुण्याशी बोलावं तसं, म्हणाले, "गानं लई वर चाललंय. तुझ्या मायला काळी दोन लागती. खाली घे जरा."

"बाबा, हे तुमच्या पेटीसारखं नसतं," मी म्हणाले. "इथं पुस्तकात लिहिलंय तसंच वाजवावं लागतं."

"असं का," वडील म्हणाले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मला येत नाही एवढं म्हणाले असते तर त्यांनी तासाभरात शिकवलं असतं. पण बोर्डिंगात शिकलेली पोरगी शिपाई बापाकडून शिकणार होय? माझं नाक तेव्हा ऑर्गनच्याही वर होतं.

नाताळच्या सकाळी चर्च खचाखच भरलं. पाहुणे पुढच्या बाकांवर, आमची माणसं खाली सतरंजीवर. आईनं नवीन लुगडं नेसलं होतं. मी सुरुवातीचे सूर वाजवले आणि तिच्यासाठी थांबले. तिनं ओळ उचलली. पहिले दोन शब्द नीट गेले, मग चाल वर चढते तिथं तिचा आवाज फाटला आणि ती खोकली. मी पुन्हा सुरुवात वाजवली. ती पुन्हा तिथंच फाटली. पुढच्या बाकावरच्या एका बाईनं तोंडाला पदर लावला.

तेव्हा मी वर बघितलं. वडील मागच्या दाराशी उभे होते. त्यांनी हात पुढं केला, तळवा खाली, आणि हवेतच दोनदा दाबला. खाली घे. मला तो हात स्वच्छ दिसला. आजही दिसतो. मी मान खाली घालून पुस्तकात बघितलं आणि पाय मारत राहिले, कारण थांबले असते तर मला येत नाही हे सगळ्या चर्चला कळलं असतं. आपलं उघडं पडू नये म्हणून मी आईला उघडं पाडलं. ह्याला दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

तिसऱ्यांदा आईनं तोंड उघडलंच नाही. पाळकसाहेबांनी स्वतःच खड्या आवाजात ओळ घेतली आणि पुरुष मागोमाग निघाले. बायकांच्या बाजूला नुसती तोंडं हलत होती. तेवढ्या वर कुणाचाच गळा जात नव्हता. शेवटी पाहुण्यांनी माझं कौतुक केलं आणि मी ते घेतलंसुद्धा.

जेवणाच्या वेळी वडिलांनी विचारलं, "माझा हात दिसला न्हाई का तुला?"

"नाही दिसला," मी म्हणाले.

आई शेजारीच वाढत होती. तिनं माझ्या ताटात रस्सा घातला आणि पुढं गेली.

त्यानंतरच्या नाताळात आई चर्चमध्ये बसली नाही. चर्चमागं लिंबाचं झाड आहे, तिथं जेवणाची तयारी चालायची. "सैपाकाला मानूस नको का?" म्हणत ती तिथं लसूण घेऊन बसायची, आणि हे दरवर्षीचंच झालं. वडील आत यायचे, मागच्या रांगेत गुडघ्यांवर हात ठेवून बसायचे. जयंतीला मात्र त्यांची पेटी काकांच्या दारात वाजायची, काकांच्या ढोलकीबरोबर, आणि गल्ली गोळा व्हायची. स्वतःच्या देवाच्या घरात ज्याला जागा राहिली नाही त्या माणसाची कला दुसऱ्यांच्या सणानं सांभाळली. मी ऑर्गनवर बसून चारपाच नाताळं वाजवली. पाळकसाहेब म्हणायचे, आता आपलं संगीत सुधारलं. त्या माणसाचा मला आजही राग येतो, पण त्याला निदान काही कळत नव्हतं. मला कळत होतं.

पुढं मी शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलं. तिथं एका मैत्रिणीनं मला पट्टी बदलून वाजवायला शिकवलं. दोन महिन्यांत आलं. दोन महिन्यांचं काम होतं ते! आलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

सत्तरचं दशक संपताना, एका पावसाळ्यात वडील गेले. पेटी तेव्हा काकांकडंच होती, ती तिथंच राहिली. त्या वर्षीच्या नाताळात मी कुणाला न विचारता पहिलं गाणं काळी दोनमध्ये घेतलं. खिडकी मुद्दाम उघडी ठेवली होती. लिंबाखाली आई पाठमोरी बसलेली दिसत होती. मी सुरुवात वाजवली आणि पहिल्या ओळीची जागा मोकळी सोडून सूर धरून ठेवला. मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. आईची पाठ हलली नाही. मग पाळकसाहेबांनीच ओळ घेतली.

उपासना झाल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसले. "माय, आज काळी दोन होती."

"कळलं की. बराबर व्हती."

"मग म्हटलं का नाहीस?"

तिनं सुपातली सालपटं फुंकली. "तुझा बाप मरस्तोवर एकच बोलायचा. म्हनायचा, हात अजून जरा वर करायला पायजे व्हता, पोरीला दिसला न्हाई, चूक माझीच झाली. दर नाताळला हेच."

मी सुपातला एक लसूण उचलून सोलायला घेतला.

"मी त्याला सांगितलं न्हाई," आई म्हणाली.

"काय?"

"तुला दिसल्ता ते. सूर घ्यायला मी तुझ्याकडंच बघून राह्यल्ते."