दुसरा मजला बंद

"साहेब, लॉकर खाली केलाय. एवढंच सांगा, पंधरा वर्षांत माझं चुकलं काय?"

पॅकिंगच्या शालिनीताई कदम माझ्या टेबलासमोर उभ्या. हातातल्या पिशवीत डबा, चपला आणि लॉकरमधला गणपतीचा फोटो. मागे पॅकिंगच्या सगळ्या बायका. मी चहाचा कप तोंडाशी धरून तसाच गार!

भाईंदर पूर्वेला आमचा स्टीलच्या डब्यांचा कारखाना. मी तिथला ॲडमिन, म्हणजे पाण्याच्या टँकरपासून मेमोपर्यंत सगळं माझ्या गळ्यात. मेमो म्हणजे कंपनीतल्या कंपनीत द्यायची लेखी सूचना. विषय साधा होता. सोमवार-मंगळवार दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे पॅकिंगमध्ये, पेस्ट कंट्रोल, झुरळांचं औषध मारायचं; बुधवारी काम पुन्हा सुरू. मी हौसेनं पानभर लिहिलं.

मॅनेजर शहासाहेबांनी ते पान हातात तोललं. "मोहिते, ये मेमो है या शादी का कार्ड? दो लाइन में खतम करो."

मला आला राग. केलं खतम:

'सोमवारपासून दुसरा मजला बंद. सर्वांनी लॉकर रिकामे करावेत.'

कापाकापीत झुरळं गेली, बुधवार गेला आणि बायकांच्या लेखी नोकरीही गेली.

"अहो ताई, औषध मारायचंय फक्त! बुधवारी कामावर यायचंय!"

ताई मटकन स्टुलावर बसल्या. "साहेब, मी पोरीला फोन केला. म्हटलं, फी कुठून भरू आता? नर्सिंग सोड, घरी ये. ती कॉलेजात अर्ज द्यायला गेलीय."

मी कप टेबलावर आदळला. "लावा फोन! आधी फोन लावा!"

रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. शहासाहेबही केबिनमधून बाहेर आले. तिसऱ्यांदा उचलला.

"आई, लाइनीत आहे गं. माझ्यापुढे एकच मुलगी उरलीय."

"देऊ नकोस! फाड तो कागद!"

"का? नोकरीचं काय?"

"नोकरी हाय. झुरळं झालीत."

"आई, तू बरी आहेस ना?"

बायका खो-खो हसल्या. शालिनीताईंनी पदरानं डोळे पुसले नि मला म्हणाल्या, "साहेब, घरीपण एवढंच बोलता?"

"घरी मला बोलू कोण देतंय?" मी म्हटलं आणि कोरा कागद पुढे ओढला.

नवा मेमो पाच ओळींचा झाला. पहिली ओळ: 'कोणाचीही नोकरी जात नाही.' शहासाहेबांनी एक शब्द कापला नाही. काय बंद होणार, ते दुसऱ्या ओळीत आलं तरी चालतं. वाचणाऱ्याच्या पोटात कशानं गोळा येईल, त्याचं उत्तर आधी लिहावं.