सीलबंद चार खोकी

पुलगावच्या प्रभाकरराव उमाट्यांनी माझ्यावर एकच उपकार करायला हवा होता. चार दिवस हातावर हात ठेवून गप्प बसायचं. तेवढं त्यांना जमलं नाही.

मी सचिन. दोन हजार चार साली बसस्टँडजवळ माझं तीन कॉम्प्युटरचं सायबर कॅफे होतं, आणि भिंतीला भिंत लागून प्रभाकररावांचं इलेक्ट्रिकचं दुकान. अख्खा मोहल्ला त्यांना काकाजी म्हणायचा. त्यांच्या दुकानाचा एक नियम होता. बल्ब घ्या, होल्डर घ्या, साधं बटण घ्या, काउंटरवर वीज लावून चालू करून दाखवल्याशिवाय ते माल हातात देत नसत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. दिवाळीच्या गर्दीत वैतागून निघून गेलेली माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. "चालून राह्यलं हे पाह्यल्याशिवाय तुमाले कसं देऊ?" हे त्यांचं पालुपद.

नव्वदच्या सुमारास ते दारूगोळा डेपोतल्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांवर वायरिंगच्या कामाला जायचे. साहेबांची बदली झाली की घरातला पसारा विकायला निघतो. कुलर, सोफे, सायकलींवर लोक तुटून पडत. काकाजींनी एकदा उचलून आणलं एक खोकं. त्यात काळ्या जाड प्लास्टिकचे हातभर तुकडे होते, प्रत्येकात दोन खाचा आणि खाचांच्या कडेने धातूच्या पट्ट्या. तुकडे एकमेकांत अडकवले की रस्ता तयार. पट्टीत वीज सोडली की मुठीएवढी मोटार खाचेतून सुसाट धावते, आणि बटण जास्त दाबलं तर वळणावर उडून कपाटाखाली जाते. साठ-पासष्ट सालचा विलायती खेळ. त्या दिवसापासून हा माणूस कामातून गेला.

पुढची बारा-तेरा वर्षं कुणाची बदली झाली की काकाजी दारात हजर. नागपूरच्या रविवारच्या जुन्या बाजारातही खेपा झाल्या. जमलं काय, तर रस्त्याचे एकशे बारा तुकडे, नऊ मोटारी आणि चार सीलबंद खोकी. ही खोकी एका मेजरच्या मुलांनी कधी उघडलीच नव्हती. काकाजींनीही ती जपून माळ्यावर ठेवली होती, जागा झाली की रस्ता वाढवू म्हणून. मागची खोली या सगळ्याने भरली. त्यांच्या पत्नी, प्रमिलाबाई, त्याला कचरा म्हणायच्या. मुलाचं, निकेशचं, लग्न अक्षय्य तृतीयेला ठरलं तेव्हा त्यांनी बजावलं, "सूनबाई काय त्या रस्त्यावर झोपन का? खोली खाली करा, नाई त मी हिरालाल भंगारवाल्याले बलावतो."

मग मी मध्ये पडलो. फोटो काढले, इंटरनेटवर टाकले. पंधरा दिवसांनी पुण्याच्या लिमये नावाच्या गृहस्थांचं पत्र आलं. ते जुन्या खेळण्यांचं संग्रहालय काढत होते. चार खोक्यांवर चित्र होतं तशी उंच कडांची वळणं फार थोडी बनली होती, आणि सील न तुटलेली तर कुठेच उरली नव्हती म्हणे. सगळंच्या सगळं घेतो, आणि बाहेर पाटी लावतो: 'प्रभाकरराव उमाटे, पुलगाव, यांचा संग्रह'. काकाजींनी ते वाक्य मला तीनदा वाचायला लावलं. चौथ्यांदा प्रमिलाबाईंना बोलावून.

"आयकलं? कचरा म्हने!"

पैसे त्यांना नको होते असं नाही. पण त्यांचा जीव अडकला होता तो त्या पाटीत.

मी त्यांना सांगितलं, "काकाजी, लिमये येईपर्यंत ती चार खोकी जीवापाड सांभाळा." इथे माझंही चुकलं. उघडू नका, असं स्पष्ट म्हणायला हवं होतं. पण एवढं शहाण्या माणसाला सांगावं लागतं का? लागतं.

रविवारी सकाळच्या गाडीने लिमये आले. मागच्या खोलीत काकाजींनी सगळा रस्ता जोडून ठेवला होता, मोटारी पुसून रांगेत. लिमये गुडघ्यांवर बसून एकेक तुकडा लहान पोरासारखे न्याहाळत होते. मला वाटलं, जमलं. मग त्यांनी विचारलं, "आणि ती सीलबंद खोकी?"

काकाजींनी चारही खोकी पुढे ठेवली. पुठ्ठ्याला कुठे ओरखडा नाही. सील मात्र ब्लेडने सरळ रेषेत कापलेलं.

"काल सारे खोलून तपासले," काकाजी अभिमानाने म्हणाले. "तीन फस्टक्लास. चौथ्यात करंट येत नव्हता, मंग मी नवी पट्टी टाकली. आता बेफिकीर न्या."

लिमयेंनी कापलेल्या सीलवरून बोट फिरवलं. "अहो, पण सील का तोडलंत?"

"मंग? बंद डब्यातला माल गिऱ्हाइकाले कसा देऊ? उद्या बिघडला त नाव माह्यं खराब होईन."

लिमये सज्जन होते, आवाज चढवला नाही. बाकीचे तुकडे माझ्याकडे आहेत, म्हणाले, मी आलो होतो या चार खोक्यांसाठी. नऊ मोटारी घेतो. रस्ता राहू द्या. आणि पाटीचं आता कसं जमणार?

"रस्ता नाई त मोटारी कायले न्याच्या?" काकाजी म्हणाले. "जमत नाई."

मी त्यांना बाजूला ओढलं, हात जोडले. ढिम्म हलले नाहीत. लिमये दुपारच्या गाडीने परत गेले आणि मी आठ दिवस काकाजींशी बोललो नाही. कॅफेत एकटा बसून चरफडत होतो. माझी मेहनत वाया गेली याचा राग होताच. त्याहून मोठा राग याचा, की आयुष्यात एकदाच हातातोंडाशी आलेला मान या माणसाने ब्लेडने कापला, आणि आपण काय केलं हे त्याला अजून कळलं नव्हतं.

लग्नाला पाच दिवस उरले तेव्हा हिरालालचा ठेला दारात लागला. प्रमिलाबाई आतून बाहेर आल्याच नाहीत. काकाजी स्वतः एकेक तुकडा आणून देत होते, हिरालाल तराजूत टाकत होता. मी पायरीवर उभा. अर्धा रस्ता गेला असेल, तेवढ्यात काकाजींनी हात आडवा घातला आणि तराजूतला एक तुकडा बाजूला काढला.

"हा येगळा ठेव, हिरालाल. याच्यात कालपासून करंट येऊन नाई राह्यला. याचा भाव कमी लाव."

हिरालाल पोट धरधरून हसला. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.